सगळेच सत्कार एका माळेचे मणी नव्हेत



सत्कार स्वस्त झाल्याची तक्रार करणारे पत्र वाचले. फलकावर सत्कारमूर्तीपेक्षा आयोजकाचाच फोटो मोठा असतो, हे खरेच. पण म्हणून सरसकट झोडपायचे? कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा ‘गोदावरी गौरव’ पुरस्कार १९९२पासून एक वर्षाआड दिला जातो. त्यात संगीत, नृत्य, नाट्य-चित्रपट यांच्याच रांगेत लोकसेवा बसते. आदिवासी पाड्यावर राबणाऱ्याला गवयाशेजारची खुर्ची मिळते. ही दृष्टी तात्यासाहेबांची, म्हणजे खुद्द कुसुमाग्रजांची.

माझी तक्रार वेगळी आहे. व्यक्तींचे सत्कार होतात, पण संस्थांची पाठ कोण थोपटणार? १८४०पासून चालणारे आपले नाशिकचे सार्वजनिक वाचनालय तर इतरांनाच पुरस्कार देत आले आहे! पत्रलेखकांनी टीकेसोबत शहरातील एखाद्या उपेक्षित संस्थेचे नावही जरूर कळवावे.

– एक वाचक, पंचवटी, नाशिक