हरलेल्यांनाही जनादेश असतो

‘लोकांनी निवडून दिलंय ना, मग करू द्या की त्यांना काम! पाच वर्षांनी बघू.’ एसटीच्या थांब्यावर, लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या बैठकीत हे वाक्य इतक्या सहज येतं, की त्याला उत्तर द्यायला गेलं तर आपणच भांडकुदळ ठरतो. बोलणारा बहुधा सज्जन असतो. रोजच्या आरडाओरड्याला कंटाळलेला असतो. सत्ता कोणाचीही असो, वाक्य तेच राहतं, फक्त ते बोलणारी तोंडं निकालाच्या दुसऱ्या दिवशी बदलतात. मला मात्र हे वाक्य लोकशाहीला भ्रष्टाचारापेक्षाही घातक वाटतं. भ्रष्टाचाराची निदान लाज वाटते, हे वाक्य छाती पुढे काढून बोललं जातं.

निवडणूक जिंकली म्हणजे पाच वर्षांचा मक्ता मिळाला, असा या मंडळींचा पूर्वपक्ष आहे. त्याला पहिलं उत्तर मुंबईनंच देऊन ठेवलं आहे.

१९६२ च्या फेब्रुवारीत उत्तर मुंबईत संरक्षणमंत्री व्ही. के. कृष्ण मेनन यांच्याविरुद्ध विरोधी बाकांवरचे आचार्य कृपलानी उभे राहिले. आदल्याच वर्षी लोकसभेत त्यांनी मेनन यांच्या खात्याचे वाभाडे काढले होते. लष्करात गटबाजी माजली आहे, सैन्याचं मनोधैर्य खचतं आहे आणि सीमेवरचा मुलूख लढाईविना हातचा चालला आहे, असं त्यांचं म्हणणं. मतदारांनी निकाल दिला आणि मेनन मोठ्या फरकानं निवडून आले. ‘जनतेनं नाकारलं’ म्हणतात ते याहून स्पष्ट कसं असणार? त्याच वर्षी २० ऑक्टोबरला चिनी फौजा चालून आल्या. नोव्हेंबरचा पहिला आठवडा संपायच्या आत मेनन मंत्रिमंडळाबाहेर होते आणि संरक्षण खातं सांभाळायला मुंबईहून मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाणांना दिल्लीला जावं लागलं.

मतदार चुकले, असं मला म्हणायचं नाही. सीमेवरच्या चौक्यांत किती माणसं आणि किती बंदुका, हा प्रश्न मतपत्रिकेवर नव्हताच. मत माणसाला दिलं जातं, पक्षाला, जातीला, लाटेला, गावच्या रस्त्याला, कधी नुसत्या रागालाही. पुढच्या पाच वर्षांत सरकार जे हजार निर्णय घेईल, त्या सगळ्यांवर आगाऊ सही करून कोणी मतदान केंद्राबाहेर पडत नाही. आपण कोऱ्या धनादेशावर सही करत नाही, मग मतपेटीत तो टाकला असं कोणी म्हणालं तर मान का डोलावतो?

कृपलानी पुढच्या वर्षी अमरोह्याच्या पोटनिवडणुकीतून लोकसभेत परतले आणि ऑगस्ट १९६३ मध्ये त्यांनी नेहरू सरकारवर अविश्वास ठराव मांडला. लोकसभेतला तो पहिला अविश्वास ठराव. बाजूनं ६२ मतं, विरोधात ३४७. हरण्यासाठीच मांडलेला ठराव होता तो, आणि सभागृहातल्या प्रत्येकाला ते ठाऊक होतं. पण त्याच चर्चेत राममनोहर लोहियांनी २७ कोटी लोक दिवसाला तीन आण्यांवर जगतात, असा हिशेब मांडला. नेहरूंनी १५ आणे सांगितले. आकडा तीनचा की पंधराचा, यावर अर्थशास्त्रज्ञ भांडत बसले तरी हरकत नव्हती. सरकारला गरिबाच्या खिशातले आणे मोजायला भाग पाडलं, ते ३४७ जणांनी नव्हे. ठराव पडला, प्रश्न उभा राहिला. विरोधी पक्षाचं यश मोजायची फूटपट्टीच वेगळी आहे, आणि ती बहुतेकांच्या घरात नसते.

डॉ. आंबेडकरांनी २२ डिसेंबर १९५२ रोजी पुण्यात वकिलांपुढे एक व्याख्यान दिलं, लोकशाही यशस्वी व्हायला काय काय लागतं यावर. त्यात विरोधी पक्षाचं अस्तित्व ही त्यांनी एक मूलभूत अट म्हणून सांगितली. त्यांची मांडणी अशी की लोकशाही म्हणजे सत्तेला नकार देण्याची सोय. पाच वर्षांनी मतदार जो नकार देतो तो पुरेसा नाही, सत्तेला जागच्या जागी, लगेच आव्हान देणारी माणसं सभागृहात लागतात. इंग्लंडमध्ये विरोधी पक्षनेत्याला सरकारी तिजोरीतून पगार मिळतो, हेही त्यांनी आवर्जून सांगितलं. जाता जाता वर्तमानपत्रांनाही टोला हाणला, की जाहिरातींच्या उत्पन्नापायी ती सरकारला जास्त जागा देतात. १९५२ सालचं बोलणं आहे हे. तारीख झाकून वाचलं तर कोणाला सांगता येणार नाही.

‘पाच वर्षांनी बघू’ म्हणणाऱ्याला बाबासाहेबांचं उत्तर असं तयार आहे. पाच वर्षांनी बघायचं मतदारानं, रोज बघायचं विरोधकानं. आणि ते काम त्याला मतदारानंच दिलेलं असतं. ज्यांनी पडलेल्या बाजूला मत दिलं त्यांची नावं मतदारयादीतून कोणी खोडलेली नसतात.

आता दुसरा पूर्वपक्ष. तो जास्त सुसंस्कृत आहे, म्हणून जास्त फसवा. ‘विरोध करा, पण विधायक करा. देशाचा प्रश्न असेल तेव्हा तरी एक व्हा.’ विधायक म्हणजे काय, हे ठरवणार कोण, असं विचारलं की संभाषण संपतं. कारण व्यवहारात विधायक विरोध म्हणजे सरकारला न टोचणारा विरोध, दात काढलेल्या कुत्र्यानं राखण करावी तसा. या पूर्वपक्षाच्या बाजूनं एक उदाहरण हमखास दिलं जातं. १९९४ मध्ये पंतप्रधान नरसिंह रावांनी काश्मीरच्या प्रश्नावर जिनिव्हाला पाठवायच्या शिष्टमंडळाचं नेतृत्व विरोधी पक्षनेते वाजपेयींकडे सोपवलं. उदाहरण खरं आहे, देखणंही आहे. पण ते अर्धंच सांगितलं जातं. ऑक्टोबर १९६२ मध्ये, ऐन चिनी आक्रमणात, संसदेचं अधिवेशन बोलवा अशी मागणी करणाऱ्यांत हेच वाजपेयी होते, तेव्हा राज्यसभेचे तरुण सदस्य. ८ नोव्हेंबरला अधिवेशन भरलं. सीमेवर तोफा चालू असताना सरकारचे दोष उघड्या सभागृहात काढले गेले आणि नेहरूंनी ते ऐकून घेतले. आज कोणी अशी मागणी केली तर त्याला कोणत्या देशाचं तिकीट काढून देतील, हे वेगळं सांगायला नको. जिनिव्हाचे वाजपेयी हवे असतील तर ६२ चेही घ्यावे लागतील.

इथवर वाचून विरोधी बाकांवरची मंडळी खूश झाली असतील, तर त्यांनी जरा थांबावं. कारण तिसरा पूर्वपक्ष त्यांचा आहे: ‘विरोधकाचं कामच विरोध करणं. सभागृह चालवायची जबाबदारी सरकारची.’

मुंबईच्या विधानभवनाच्या पायऱ्या पाहा. अधिवेशनाच्या दिवसांत सकाळी तिथं फलक, टोप्या, टाळ, कांदे, कापसाच्या माळा असं जे दिसतं, त्यातलं दुखणं खरं असतं, पण ते समोर धरलेलं असतं कॅमेऱ्यांच्या. मग अकरा वाजता आत जायचं, हौद्यात उतरायचं, घोषणा द्यायच्या, कामकाज तहकूब. तारांकित प्रश्न गेले, लक्षवेधी गेल्या. पुरवणी मागण्या गोंधळात मंजूर. ज्या मंत्र्याला घाम फुटायला हवा होता, तो उपाहारगृहात चहा पितो आहे. गोंधळासारखा सरकारचा जुना मित्र दुसरा नाही.

हे एका पक्षाचं दुखणं नाही. २०१० चं हिवाळी अधिवेशन टू-जी प्रकरणात संयुक्त संसदीय समितीच्या मागणीवरून अक्षरशः वाहून गेलं. त्या वेळी सरकारी खर्च तपासणाऱ्या लोकलेखा समितीचं अध्यक्षपद ही मागणी लावून धरणाऱ्या भाजपच्याच मुरली मनोहर जोशींकडे होतं. १९६७ मध्ये मिनू मसानींपासून हे पद विरोधकांकडे देण्याचा पायंडा पडला, तो अशाच वेळेसाठी. हातात कुदळ असताना डोंगरापुढे उभं राहून ओरडावं, तसं झालं. पुढे २०१७ मध्ये विशेष न्यायालयानं टू-जी खटल्यातले सगळे आरोपी सोडून दिले. वस्तू व सेवा कराचं तर विचारूच नका. सत्तेत असताना तो आणायचा आणि विरोधात बसलं की अडवायचा, हा खेळ दोन्ही राष्ट्रीय पक्ष आळीपाळीनं खेळले.

सत्तेत गेल्यावर हीच माणसं काय करतात? डिसेंबर २०२३ मध्ये संसदेच्या दोन्ही सभागृहांतून मिळून १४६ खासदार निलंबित झाले आणि त्याच अधिवेशनात, बहुतांश विरोधी बाकं रिकामी असताना, जुन्या फौजदारी कायद्यांच्या जागी नवे तीन कायदे मंजूर झाले. संताप येतो. पण जुलै २०२१ मध्ये महाराष्ट्रात महाविकास आघाडीचं सरकार असताना भाजपच्या १२ आमदारांना एक वर्षासाठी निलंबित केलं होतं, आणि जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला तो ठराव रद्द करावा लागला. ज्याला पहिल्याचा राग येतो आणि दुसऱ्याचा येत नाही, त्यानं लोकशाहीची काळजी वाहू नये. त्याला फक्त आपल्या माणसांची काळजी आहे.

एक चौथं म्हणणंही आहे, पण ते वादाच्या पातळीवर येतच नाही. ‘मतदारसंघाच्या विकासासाठी सत्तेबरोबर गेलो.’ म्हणजे तिजोरी राज्याची नसून पक्षाची आहे, अशी कबुलीच ही. तिजोरीचा जाब विचारायला विरोधात बसायचं असतं, तिच्या पंगतीत पाट मिळवायला नव्हे. सांगोल्याचे गणपतराव देशमुख ११ वेळा आमदार झाले. मंत्रिपदाचा थोडा काळ सोडला तर आयुष्य विरोधी बाकावर गेलं. दुष्काळी तालुका, शेतकरी कामगार पक्षासारखा आटत गेलेला पक्ष, आणि तरी लोकांनी त्यांना ‘निधी किती आणला’ या एका तराजूत तोललं नाही.

मग विरोधकानं करायचं काय? मला दोन मराठी उदाहरणं पुरेशी वाटतात, एक भांडणाचं आणि एक सहमतीचं.

भांडणाचं उदाहरण सिमेंटचं. आजच्या तरुणांना खरं वाटणार नाही, पण ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला सिमेंट परवान्यावर मिळायचं. घर बांधणारा साधा माणूस गोणीसाठी खेटे घालत होता आणि बिल्डरांना कोटा सुटत होता. मुख्यमंत्री बॅरिस्टर अंतुले यांच्याशी संबंधित प्रतिष्ठानाला देणग्या आणि सिमेंटचे कोटे यांचं नातं १९८१ मध्ये वर्तमानपत्रानं उघड केलं. तिथंच थांबलं असतं तर चार दिवस पायऱ्यांवर घोषणा झाल्या असत्या. पण समाजवादी प. बा. सामंत उच्च न्यायालयात गेले. वाटपाच्या तारखा आणि देणग्यांच्या तारखा समोरासमोर मांडल्या गेल्या. न्यायमूर्ती लेंटिन यांनी जानेवारी १९८२ मध्ये निकाल दिला आणि मुख्यमंत्र्यांना पद सोडावं लागलं. प्रचंड बहुमताचं सरकार, आणि निकाल लागला तो कागदांच्या बळावर. कंटाळवाणं काम आहे हे. संध्याकाळच्या बातम्यांत त्याचं दृश्य होत नाही.

सहमतीचं उदाहरण रोजगार हमीचं. १९७२ च्या दुष्काळात डावे आणि समाजवादी पक्ष कामासाठी मोर्चे काढत होते. त्याच साली मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासोबत महागाईविरुद्ध बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. रोजगार हमी योजनेची कल्पना काँग्रेसच्या वि. स. पागे यांची. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला तो विधिमंडळात एकमतानं. पैसा उभा राहिला तो पगारदारांच्या व्यवसाय करातून, म्हणजे विरोधकांच्या कामगार संघटनांच्या सभासदांच्याही खिशातून. विरोधकांनी त्या करावर राजकारण केलं असतं तर शहरांतली मतं मिळाली असती. त्यांनी पाठिंबा दिला, आणि नंतर मजुरी थकते, हजेरीपटावर खोटी नावं लागतात म्हणून त्याच योजनेवरून सरकारला वर्षानुवर्षं धारेवरही धरलं. पाठिंबा देऊन पहारा काढून घेतला नाही. मला ‘विधायक’ हा शब्द वापरायचाच असेल तर मी इथं वापरीन.

यशवंतराव चव्हाणांची गंमत पाहा. ६२ मध्ये ज्यांना सरकार सावरायला बोलावलं, तेच १९७७ मध्ये लोकसभेत विरोधी पक्षनेते झाले. त्याच वर्षी जनता सरकारनं कायदा करून या पदाला वेतन आणि मंत्र्याच्या तोडीचा दर्जा दिला. ज्या पक्षानं आणीबाणीत विरोधकांना तुरुंगात डांबलं, त्याच्या नेत्याला तुरुंगातून सुटलेल्यांनी हा मान कायद्यानं दिला. आणि जुलै १९७९ मध्ये मोरारजी देसाई सरकारवर अविश्वास ठराव मांडला तो चव्हाणांनीच. सरकार गेलं. कायदा मात्र राहिला.

तो कायदा उघडून पाहावा. विरोधी पक्षांपैकी ज्याचे सदस्य सर्वाधिक, आणि सभागृहाच्या अध्यक्षांनी ज्याला मान्यता दिली, त्याचा नेता तो विरोधी पक्षनेता, एवढंच त्यात आहे. एक दशांश सदस्यांची अट त्यात नाही. ती पहिले लोकसभा अध्यक्ष मावळंकर यांच्या काळातल्या पायंड्यातून आली. त्या पायंड्यावर बोट ठेवून २०१४ आणि २०१९ मध्ये लोकसभेत हे पद रिकामं राहिलं, काँग्रेसचे ४४ आणि ५२ खासदार कमी पडले म्हणून. लोकपाल निवडायच्या समितीत विरोधी पक्षनेता लागतो. तो नाही म्हणून घोळ झाला, आणि २०१३ च्या कायद्याचा पहिला लोकपाल मार्च २०१९ मध्ये मिळाला. याउलट २०१५ मध्ये दिल्ली विधानसभेत ७० पैकी ६७ आमदार आम आदमी पक्षाचे होते, भाजपचे अवघे तीन. तरी त्या तिघांच्या नेत्याला विरोधी पक्षनेतेपद मिळालं. कोणाचं आभाळ कोसळलं नाही.

महाराष्ट्रात २०२४ च्या निकालानं विरोधकांतल्या सगळ्यात मोठ्या पक्षाला २० जागा दिल्या. २८८ चा दहावा हिस्सा २९ होतो. त्या नऊ आमदारांच्या हिशेबावर अधिवेशनांमागून अधिवेशनं विधानसभेतली विरोधी पक्षनेत्याची खुर्ची रिकामी गेली. सत्ताधाऱ्यांकडे दोनशेहून जास्त आमदार. त्यांना त्या एका खुर्चीवरच्या माणसाकडून धोका तो काय? धोका नसेल तर खुर्ची द्यावी. असेल, तर ती रिकामी का, हे कळलंच.