वॅट वाढवून बास वाढत नाही

गाडीतला बास कमी वाटतो अशी तक्रार केली की बहुतेक दुकानांत पहिला सल्ला हाच मिळतो : मोठा वूफर घ्या, जास्त वॅटचा अ‍ॅम्प लावा. या मतात तथ्य अजिबात नाही असे नाही. खालचे स्वर ऐकण्यात आपला कान मंद असतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 मध्येच मोजून दाखवले. म्हणून वूफरला दमदार अ‍ॅम्प हवा, इथवर दुकानदाराचे म्हणणे मान्य. त्यापुढचे मात्र चूक आहे आणि ग्राहकाला ते महागात पडते.

ताकद दुप्पट केली की आवाज फक्त 3 डेसिबलने वाढतो. कानाला तो दुप्पट वाटायला साधारण 10 डेसिबल लागतात, म्हणजे दहापट ताकद. 300 वॅटचा अ‍ॅम्प काढून 600 चा बसवणाऱ्याच्या पदरात बेताचाच फरक पडतो. त्यातही खोक्यावर ठळक छापलेला आकडा बहुधा क्षणिक कमाल ताकदीचा असतो. पाहायचा आकडा आरएमएसचा, कारण सतत मिळणारी ताकद तोच सांगतो.

दुसरा सल्ला गेन आणि बास बूस्ट पूर्ण फिरवण्याचा. गेन हे आवाज वाढवायचे बटण नव्हे. स्टिरिओच्या सिग्नलशी अ‍ॅम्पची जुळणी करण्यासाठी ते असते. 6 डेसिबलचा बूस्ट दिला की त्या स्वरांना चौपट ताकद लागते. अ‍ॅम्पला ती पुरवता आली नाही की सिग्नलचे माथे छाटले जातात, आवाज फाटतो, आणि हे चालूच राहिले तर व्हॉइस कॉइल जळते.

मग बास येतो कुठून? पहिले उत्तर, पेटीतून. ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी 1961 मध्ये आणि पुढे रिचर्ड स्मॉल यांनी वूफर व पेटी यांचे गणित मांडले. प्रत्येक वूफरला किती लिटरची पेटी हवी, हे त्या गणितातून काढता येते. तरी तयार पेटी उचलून डिकीत टाकली जाते आणि दोष अ‍ॅम्पला दिला जातो.

‘बंद पेटीत दम नसतो, पोर्टवालीच घ्या,’ असा आक्षेप येईल. पोर्टची पेटी तिच्या ठरलेल्या स्वराच्या आसपास जास्त वाजते, हे खरे. पण त्या स्वराखाली वूफरच्या कोनला हवेचा आधार उरत नाही, म्हणून तिथे सबसॉनिक फिल्टर लावावाच लागतो. बंद पेटीचा आवाज खालच्या स्वरांत हळूहळू उतरतो. पण काचा बंद असलेल्या छोट्या गाडीत साधारण 60-70 हर्ट्‌झच्या खाली केबिनच दाब वाढवते आणि ती उतरण बरीचशी भरून निघते. घरात बेताची वाटणारी बंद पेटी गाडीत म्हणूनच भरदार वाजते.

दुसरे उत्तर, वायरिंग. 500 वॅट आरएमएसचा अ‍ॅम्प पूर्ण जोरात 45-50 अँपिअर ओढू शकतो. बारीक वायर, किंवा तांब्याचा नुसता मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायर असेल, तर व्होल्टेज वाटेतच गळते. ते 14 वरून 12 वर आले तर साध्या अ‍ॅम्पची ताकद जवळपास पाव भागाने घटते. शुद्ध तांब्याची जाड वायर, बॅटरीजवळ फ्यूज आणि रंग खरवडून घट्ट बसवलेले अर्थिंग यांना पर्याय नाही.

तिसरे उत्तर फुकटचे आहे. वूफर आणि दारांचे स्पीकर 80 हर्ट्‌झच्या आसपास एकमेकांविरुद्ध ढकलत असतील, तर बास कापला जातो. ड्रायव्हरच्या सीटवर बसून फेजचा स्विच 0 आणि 180 वर फिरवून ऐका; जिथे आवाज भरतो तिथे ठेवा. सेडानमध्ये मागच्या सीटचा आडोसा असतो, तिथे पेटीचे तोंड आणि जागा बदलूनही पाहा.

नवा अ‍ॅम्प घेण्याआधी पेटी, वायर, गेन आणि फेज या क्रमाने तपासा. एवढे करूनही बास कमी पडला, तरच वॅटसाठी पैसे मोजा.