नवशिक्षकाचा पहिला धडा

इ. स. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानें शालेय वर्षांची वाटणी ५, ३, ३ व ४ अशी केली. पहिल्या पांचांत बालवाडीचीं ३ वर्षें व पहिली-दुसरी येतात. शक्य तेथें निदान पांचवीपर्यंत घरची भाषाच शिक्षणाचें माध्यम असावें, असेंही त्यांत आहे. अकोल्याच्या नवशिक्षकास हें सोपें वाटेल. वऱ्हाडी त्याच्या कानांतलीच. पण नेमणूक मेळघाटांत धारणीस झाली म्हणजे? कोरकू ही कांहीं मराठीची बोली नव्हे. तिचें कूळ संताळी-मुंडारीचें. पुस्तक मराठी, घर कोरकू! अबोल बसलेल्या मुलास मठ्ठ ठरविणें आम्हांस अन्यायाचें वाटतें. पालकहो, आपली मुलगी उद्यां तेथें शिकवावयास निघाली, तर तिला एवढेंच सांगावें: पहिले कांहीं महिने तीं मुलेंच तुझे गुरु, पाणी, भूक, भीति यांचे शब्द त्यांच्यापासून आधीं शीक.