जड काम म्हणजे नेमके किती जड?

‘घरी गेल्यावर जड काम करायचे नाही.’ हर्नियाच्या किंवा गर्भपिशवीच्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर हे हमखास सांगतात. पुणे जिल्ह्यातल्या आंबेगावच्या डोंगरपट्ट्यातली बाई मान डोलावते, घरी जाते आणि चार दिवसांत डोक्यावर हंडा घेते. तिने डॉक्टरांचे सांगणे मोडलेले नसते. जड काम म्हणजे पोती उचलणे, भातलावणी. पाणी भरणे तिच्या लेखी कामात धरतच नाहीत. दहा लिटर पाणी म्हणजे दहा किलो वजन, हे तिला कुणी सांगितलेले नसते.

टाका उसवला की मग ‘हे लोक ऐकतच नाहीत’ असा शेरा ठरलेला. तो अन्यायाचा आहे. रुग्णाला सूचना कळली की नाही, हे पाहण्याची जबाबदारी सूचना देणाऱ्याची आहे आणि तेवढे झाल्याशिवाय शस्त्रक्रिया पुरी झाली असे रुग्णालयाने मानू नये.

डिस्चार्जचा कागदच बघा. ‘बीडी’ म्हणजे दिवसातून दोनदा, ‘टीडीएस’ म्हणजे तीनदा, ‘एसओएस’ म्हणजे गरज पडली तरच. घरी हे वाचणार कोण? बहुतेक वेळा शाळेत जाणारी नात. औषधांची नावे सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावीत, असा नियम भारतीय वैद्यक परिषदेने 2016 मध्ये केला. पण अक्षर कितीही सुवाच्य असले तरी ‘टीडीएस’सारखी खूण कळत नसेल, तर आजीला त्याचा उपयोग शून्य.

मोतीबिंदूचेच घ्या. नारायणगावच्या मोहन ठुसे नेत्र रुग्णालयामुळे जुन्नर-आंबेगावच्या वाड्यावस्त्यांवरील असंख्य वृद्धांना पुन्हा दिसू लागले, त्यामागचे डॉ. मनोहर डोळे यांना 2024 मध्ये पद्मश्री जाहीर झाली. ही शस्त्रक्रिया काही मिनिटांची, पण नंतरचे थेंब काही आठवड्यांचे. ते सुरुवातीला जास्त वेळा घालायचे असतात, मग टप्प्याटप्प्याने कमी करायचे असतात. डोळा निवळला म्हणून कुणी ते मध्येच सोडतो. कुणी मात्र तीच बाटली पुन्हा पुन्हा आणून महिनोन्‌महिने घालत राहतो. त्यात स्टेरॉइड असेल तर डोळ्यातला दाब वाढून काचबिंदूचा धोका उद्भवतो. ‘थेंब घाला’ याबरोबरच ‘अमुक तारखेला बंद करा’ हेही सांगायला हवे.

डॉक्टर जिथे गप्प राहतात, तिथे शेजारीण बोलते. भात बंद, वांगे बंद, आंबट बंद. नाहीतर म्हणे जखमेत पू होतो. पू होतो तो जंतुसंसर्गाने. जखम भरायला प्रथिने लागतात, म्हणजे डाळ, अंडी, दूध. भलत्या पथ्याने अशक्त झालेल्या माणसाची जखम भरायला वेळ लागतो.

‘काही वाटले तर या’ ही सूचना तर सर्वांत निरुपयोगी. डोंगरातल्या आहुप्याहून मंचरच्या रुग्णालयात यायचे म्हणजे दिवस मोडतो, मजुरी बुडते. त्यामुळे ‘काही’ म्हणजे काय, ते नाव घेऊन सांगावे लागते: ताप, टाक्यातून पू किंवा रक्त, वाढत जाणारी सूज, डोळ्याच्या रुग्णाला ठणका किंवा अचानक अंधुक दिसणे. यातले काही झाले तर सकाळची वाट न पाहता निघायचे. अवस्था गंभीर वाटली तर 108 ला फोन करायचा.

डॉक्टर म्हणतील, गर्दीत एवढा वेळ कुठून आणायचा? पण हे काम सिस्टरही करू शकतात. ‘कळले का?’ असे विचारले की सगळेच ‘हो’ म्हणतात. त्याऐवजी ‘आता घरी काय काय करणार, सांगा बघू’ असे रुग्णाला आणि त्याची काळजी घेणाऱ्याला विचारावे. जिथे अडखळतील, तेवढेच पुन्हा समजावावे. ही पद्धत जगभर वापरली जाते आणि तिला यंत्र लागत नाही की निधी.

मंचरचे उपजिल्हा रुग्णालय आणि घोडेगाव, जुन्नरची ग्रामीण रुग्णालये यांनी एक पानी मराठी सूचनापत्रापासून सुरुवात करावी: गोळ्यांपुढे सूर्य-चंद्राची चित्रे, टाके काढण्याची तारीख, फोन नंबर. त्याची एक प्रत गावच्या आशाताईंकडे जावी. बाळंतिणीच्या घरी त्या ठरलेल्या दिवशी जातातच. शस्त्रक्रिया झालेल्यांच्या घरचीही एक फेरी त्यांच्या कामात धरावी आणि तिचा मोबदला त्यांना मिळावा.