सुट्टी साऱ्या घराची हवी

‘नातेवाईक जमले की रविवार वाया जातो, त्यापेक्षा बाहेरगावी जावे’ अशा आशयाचे पत्र गेल्या अंकात वाचले. पत्रलेखिकेचा थकवा खरा आहे. उपाय मात्र पटत नाही.

ही सुट्टी आयती मिळालेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना संघटित करून लढा दिला, तेव्हा १८९० मध्ये त्यांना रविवारची सुट्टी मिळाली. राबणाऱ्याला विसावा हवा, हीच त्यामागची मागणी होती. मग हा हक्क स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी का अडावा?

माणसे जमतात यात दोष नाही. एकटी सूनच ओट्यापाशी उभी राहते, यात आहे. आजोबांनी मटार सोलावेत, काकांनी कांदा चिरावा, मुलांनी पाने घ्यावीत, पुरुषांनी भांडी घासावीत. पंचपक्वान्ने नकोत, खिचडी, कढी, पापड पुरे. मग जावा-नणंदाही दुपारी पत्त्यांच्या डावाला निवांत बसतील आणि नातवंडांना आजीकडून घरातल्या जुन्या गोष्टी ऐकायला मिळतील.

म्हणून पत्रलेखिकेला आग्रहाची विनंती : माणसे टाळू नका, कामे वाटून घ्या.

– एक वाचक, सातारा