कार्ड कपाटात, रक्तदाब अंगात

‘आयुष्मान कार्ड काढले का?’ हा प्रश्न सध्या पारावर, बँकेच्या रांगेत, लग्नाच्या पंगतीत सारखा ऐकू येतो. कार्डासाठी लोक दिवसाची मजुरी बुडवून रांगेत उभे राहतात. अंगठा उमटला नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जातात. कार्ड हाती आले की ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात जपून ठेवतात. यात गैर काहीच नाही. घरावर अवघड प्रसंग आला तर सावकाराच्या दारी जावे लागू नये, ही भावना योग्यच आहे. पण त्याच माणसाला ‘रक्तदाब शेवटचा कधी मोजला?’ असे विचारले, तर उत्तर येते, ‘मला काय झालंय?’

आजच्या लेखाचा विषय हाच आहे. आजार झाल्यावर उपयोगी पडणारा विमा आपण धावपळ करून मिळवतो. आजार अंगात मुरत असताना तो पकडण्याची सोयही सरकारने फुकट केली आहे, तिच्याकडे मात्र फिरकत नाही. आणि जे फिरकतात, त्यांतले बरेचजण एकदाच जातात. खरे नुकसान या दोन गोष्टींमुळे होते.

कार्डाने काय मिळते?

आपल्या राज्यात २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. २०१७ मध्ये तिचे नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाले. २०१८ मध्ये केंद्राची प्रधानमंत्री जन आरोग्य योजना आली आणि पुढे दोन्ही एकत्र राबवल्या जाऊ लागल्या. २०२३ मध्ये राज्य सरकारने ही योजना राज्यातील सर्व कुटुंबांना लागू करण्याचा आणि संरक्षण दरवर्षी कुटुंबामागे ५ लाख रुपयांपर्यंत नेण्याचा निर्णय घेतला. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्यांसाठी, उत्पन्नाची अट न ठेवता, वेगळे कार्डही मिळू लागले.

हे सर्व चांगलेच आहे. परंतु ही योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल झाल्यावरची आहे, हे वाचकांनी नीट लक्षात घ्यावे. हृदयाची रक्तवाहिनी तुंबली तर ती उघडण्याचा खर्च मिळतो, मूत्रपिंडे निकामी झाली तर डायलिसिस मिळते. ज्या रक्तदाबामुळे आणि साखरेमुळे ही वेळ आली, ती साधी मोजण्याची सोय मात्र या कार्डात नाही. शिवाय रुग्णालयाचे बिल भरले गेले म्हणजे नुकसान भरून निघाले असे नाही. अर्धांगवायू झालेल्या घरधन्याची बुडालेली कमाई, त्याच्या उशाशी बसण्यासाठी सुनेने सोडलेले काम, मुलीचे थांबलेले शिक्षण, यांची भरपाई कोणतेही कार्ड करत नाही.

तपासणी कुठे आहे?

आयुष्मान भारत योजनेचे दोन भाग आहेत. एक भाग विम्याचा, तो सर्वांना ठाऊक आहे. दुसरा भाग गावातल्या उपकेंद्राचा आणि प्राथमिक आरोग्य केंद्राचा. त्यांना आधी आरोग्यवर्धिनी केंद्र म्हणत, २०२३ पासून ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ अशी पाटी लागली आहे. लोक अजून उपकेंद्रच म्हणतात, तेव्हा आपणही तेच म्हणू. शहरात नागरी आरोग्य केंद्रे आणि ‘आपला दवाखाना’ आहेत. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरचे पैसेही घेत नाहीत.

तीस वर्षांवरील प्रत्येकाची येथे पाच गोष्टींसाठी तपासणी व्हावी, असा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. रक्तदाब आणि साखर दरवर्षी. तोंडाचा कर्करोग, तसेच स्त्रियांच्या स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग दर पाच वर्षांनी. त्याआधी आशाताई घरी येऊन एक फॉर्म भरतात. वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, अंगमेहनत आणि घरातील आजार, असे साधे प्रश्न त्यात असतात. पुरुषाचा घेर ९० सेंटिमीटरच्या वर आणि स्त्रीचा ८० च्या वर असेल तर गुण वाढतात. एकूण गुण चारपेक्षा जास्त झाले की त्या व्यक्तीला तपासणीला प्राधान्य द्यायचे असते. पुष्कळ घरांत आशाताईंना ‘आम्ही ठणठणीत आहोत’ म्हणून उंबऱ्यावरूनच परत पाठवतात. कृपया तसे करू नका.

आपण किती मागे आहोत, ते राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाने दाखवले आहे. २०१९ ते २०२१ या काळातील या पाहणीत देशातील पंधरा वर्षांवरील पुरुषांपैकी २४ टक्के आणि स्त्रियांपैकी २१ टक्के लोकांचा रक्तदाब वाढलेला होता किंवा त्यांना त्यासाठी गोळ्या चालू होत्या. तीस ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी आयुष्यात एकदा तरी झालेल्या स्त्रिया होत्या शंभरात दोनहूनही कमी. स्तनांची तपासणी झालेल्या शंभरात एकहूनही कमी. रक्तदाब वाढल्याने डोके दुखत नाही, साखर वाढल्याने सुरुवातीला काही दुखत नाही, आणि गर्भाशयमुखातील बदलही वर्षानुवर्षे गप्प असतात. ‘त्रास होईल तेव्हा जाऊ’ हा हिशेब या आजारांना लागू पडत नाही.

आपल्याच मातीतला पुरावा

तपासणीने खरोखर जीव वाचतात का, असे कोणी विचारले तर उत्तरासाठी अमेरिकेला जाण्याची गरज नाही. तेव्हाच्या उस्मानाबाद आणि आजच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ मध्ये एक मोठा अभ्यास सुरू झाला. खेड्यांतल्या तीस ते एकोणसाठ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रिया त्यात होत्या. गर्भाशयमुखाच्या कर्करोगास कारण ठरणाऱ्या एचपीव्ही विषाणूची तपासणी ज्या गटात एकदा झाली, त्या गटात आठ वर्षांत या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्याने कमी आढळले. २००९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि ते जगभर वाचले गेले.

याच अभ्यासातली दुसरी गोष्ट तितकीच महत्त्वाची आहे. सौम्य ॲसेटिक आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी पाहण्याची स्वस्त पद्धतही एका गटात एकदाच वापरली होती. तिथे मृत्यूंत म्हणण्याजोगी घट दिसली नाही. उलट मुंबईच्या झोपडपट्ट्यांत १९९८ पासून हीच स्वस्त तपासणी दर दोन वर्षांनी, असे चार वेळा केली गेली. ती करणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य कार्यकर्त्या होत्या. तेथे या कर्करोगाचे मृत्यू सुमारे ३१ टक्क्यांनी घटले. साधी तपासणीही जीव वाचवते, पण ती पुन्हा पुन्हा झाली पाहिजे आणि दोष सापडला तर उपचारापर्यंत गेली पाहिजे. उपकेंद्रात सहसा हीच स्वस्त पद्धत असते, म्हणून भगिनींनी एकदा करून घेतली की सुटलो, असे समजू नये. तपासणीस काही मिनिटे लागतात. भूल लागत नाही, टाका लागत नाही. संकोच वाटणे स्वाभाविक आहे. जाऊबाई किंवा शेजारीण बरोबर घेऊन जावे, संकोच निम्मा होतो.

पॅकेजचा मोह

सुशिक्षित वाचक येथे म्हणतील, ‘आम्ही तर दरवर्षी सत्तर-ऐंशी तपासण्यांचे पॅकेज करतो.’ त्याबद्दल स्पष्ट लिहिले पाहिजे. प्रयोगशाळेची ‘नॉर्मल’ मर्यादा साधारण अशी ठरवलेली असते की, वीस निरोगी माणसांपैकी एकाचा आकडा तिच्या बाहेर पडावा. मग सत्तर तपासण्या केल्यावर तीन-चार आकडे ठळक छापून येणारच. त्यामागे पुन्हा तपासण्या, सोनोग्राफी, काळजी आणि खर्च. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात सुमारे अडीच लाख लोकांवरील अभ्यास एकत्र पाहिले, तेव्हा सरसकट आरोग्य तपासणीने मृत्यूंचे प्रमाण घटलेले दिसले नाही.

मग हा लेख कशासाठी, असा प्रश्न रास्त आहे. ते अभ्यास मुख्यतः युरोप-अमेरिकेतले होते. तेथे लोक एरवीही आपल्या डॉक्टरकडे जातात आणि रक्तदाब ओघात मोजला जातो. आपल्याकडे चाळीस वर्षे शेतात राबलेल्या माणसाच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा एकदाही लागलेला नसतो. त्याला ऐंशी तपासण्या नकोत. पाचच हव्यात, पण त्या खात्रीच्या आणि वेळच्या वेळी.

शिबिर झाले, पुढे काय?

मोफत तपासणीची शिबिरे आपल्याकडे कमी नाहीत. २०२२ मध्ये ‘माता सुरक्षित तर घर सुरक्षित’ झाले, २०२३ मध्ये पुरुषांसाठी मोहीम झाली, १७ सप्टेंबर २०२५ पासून ‘स्वस्थ नारी, सशक्त परिवार’ अभियान झाले. शिवाय कोणाचा तरी वाढदिवस असतोच. मंडप, फलक, हार, छायाचित्र, आणि दुसऱ्या दिवशी बातमी, ‘एक हजार जणांची तपासणी’. या हजारांतील ज्यांचा रक्तदाब वाढलेला निघाला, त्यांचे सहा महिन्यांनी काय झाले, ही बातमी मात्र कधी येत नाही.

शिबिरातला आकडा म्हणजे निदान नव्हे. एसटीतून उतरून, चहा पिऊन, तंबाखूचा बार भरून रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाचा रक्तदाब वाढलेला येऊ शकतो. अर्धा तास आधीपासून चहा-तंबाखू नको, पाच मिनिटे शांत बसावे, पाठ टेकलेली असावी, मग दोनदा मोजावे. वेगवेगळ्या दिवशी मोजूनही तो १४०/९० किंवा त्याहून वर राहिला तर उपचार हवा. साखरेचेही तसेच. उपाशीपोटी १२६ किंवा अधिक आली तर पुन्हा खात्री करून घ्यायची असते. म्हणजे दुसरी भेट अपरिहार्यच आहे, आणि शिबिराला दुसरी भेट नसते.

हे शक्य आहे, हेही आपल्या राज्याने दाखवले आहे. २०१७ मध्ये सुरू झालेल्या रक्तदाब नियंत्रणाच्या राष्ट्रीय उपक्रमात महाराष्ट्रातील भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग आणि वर्धा हे जिल्हे सुरुवातीपासून होते. त्यात अवघड काही नव्हते. सर्व केंद्रांत गोळ्यांचा एकच साधा क्रम, गोळ्यांचा अखंड पुरवठा, न आलेल्या रुग्णाला पुन्हा बोलावणे, आणि किती जणांचा रक्तदाब आटोक्यात आला याची नोंद. २०२२ मध्ये या उपक्रमाला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला.

म्हणून माझे मत असे की, सरकारने तपासलेल्यांचा आकडा जाहीर करणे थांबवून आटोक्यात आलेल्यांचा आकडा जाहीर करावा. प्रत्येक उपकेंद्राच्या दारावर तीन आकडे लिहावेत: किती जणांत रक्तदाब किंवा साखर सापडली, त्यांतले किती अजून येतात, आणि किती जणांचे नियंत्रणात आहे. नावे नकोत, आकडे पुरेत. १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीच्या ग्रामसभेत रस्ता आणि नळाबरोबर हाही प्रश्न विचारावा. गोळ्या संपल्या असतील तर तेही तेथेच विचारावे. मजूर दिवसभर रानात असतो, म्हणून आठवडे बाजाराच्या दिवशी तपासणी ठेवावी. आम्हा खासगी डॉक्टरांनीही रुग्ण खोकल्यासाठी आला तरी रक्तदाब मोजून त्याच्या कागदावर तारखेसह लिहून द्यावा.

एमआयडीसीतील कामगारांसाठी दोन शब्द. महिना २१ हजारांपर्यंत वेतन असणाऱ्यांच्या पगारातून राज्य कामगार विम्यासाठी पाऊण टक्का कापला जातो. चाळिशीनंतरच्या विमाधारकाला वर्षातून एकदा प्रतिबंधक तपासणीची सोय या विम्यात आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या कामगार संहितांमध्येही चाळिशीवरील कामगारांच्या वार्षिक मोफत तपासणीची तरतूद आहे. आपला पैसा कापला जातो, तेव्हा हक्काने मागावे. ‘आजार निघाला तर कामावरून काढतील’ ही भीती पुष्कळांना असते. पण न सापडलेला आजार एक दिवस कामावरच आडवा करतो, याचाही विचार व्हावा.

वाचकांनी एवढेच करावे. घरातील तीस वर्षांवरील प्रत्येकाने आपल्या जन्माच्या महिन्यात उपकेंद्रात जावे. कागद मागून घ्यावा, त्यावर आकडा आणि तारीख लिहून घ्यावी, आणि तो आयुष्मान कार्डाच्याच पिशवीत ठेवावा. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, तीन आठवड्यांत न भरणारी जखम, तोंड पूर्ण न उघडणे, स्तनात गाठ, अंगावरून अवेळी रक्त जाणे, यांपैकी काही असेल तर जन्माच्या महिन्याची वाट पाहू नये. गोळ्या सुरू झाल्या तर ‘आता बरं वाटतंय’ म्हणून आपल्या मनाने बंद करू नयेत. बरे वाटते ते गोळ्यांमुळेच.

तहान लागल्यावर विहीर खणायची नाही, हे आपल्या आजोबांनी सांगितले होते. येथे विहीर खणून तयार आहे, पाणीही फुकट आहे. घागर घेऊन जाण्याचे काम तेवढे आपले आहे, आणि तेही दरवर्षी.