नळ दुरुस्त करा, माणूस उतरवू नका



रुळाखालच्या खडीत पाणी साचले तर काय होते, हे गँगमनला शिकवावे लागत नाही. आधी पाण्याला वाट, मग पॅकिंग. बंगळूरच्या जमिनीखालच्या गटारांबाबत मात्र उलटा कारभार चालतो. पाणी आत शिरू द्यायचे आणि नळ तुंबला की माणूस उतरवायचा.

जुन्या वस्त्यांतले मैलापाण्याचे नळ भाजलेल्या मातीचे, दोन-अडीच फुटी तुकडे सिमेंटने सांधून घातलेले. कालांतराने सांधे सुटतात, झाडांची मुळे आत घुसतात. पावसाळ्यात जमिनीतले पाणी त्याच फटींतून नळात येते आणि सोबत माती आणते. मी राहिलो त्या एका वसाहतीत जुलै लागला की मॅनहोलचे झाकण उचलले जाई आणि मैला क्वार्टरच्या पायरीपर्यंत येई. तक्रार केली की ठेकेदाराची दोन पोरे बांबूच्या कामट्या घेऊन हजर. पुढच्या जुलैत पुन्हा तेच. फटीकडे कोणी पाहिले नाही.

उन्हाळ्यात भूजल खाली गेले की त्याच फटींतून मैला जमिनीत झिरपतो. 2024 साली बंगळुरातल्या हजारो बोअर आटल्या, तेव्हा उरलेल्या बोअरच्या पाण्यात काय मिसळते आहे, हेही विचारायला हवे होते.

मार्च 2017 मध्ये याच शहरात, सी. व्ही. रामन नगर भागात, तीन कामगार मॅनहोलमध्ये प्राणाला मुकले. बंदीचा कायदा 2013 चा. सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली अशा मृत्यूंसाठी दहा लाखांची भरपाई ठरवली, 2023 साली ती तीस लाख केली. रक्कम वाढली, पण झाकणे अजून उघडतातच.

यावर उपाय आहे आणि तो नवाही नाही. 1971 साली लंडनमध्ये एरिक वूड या इंजिनिअरने रेझिनमध्ये भिजवलेली नमद्याची पिशवी जुन्या गटारात घालून पक्की केली. नळाच्या आत नवा नळ तयार झाला, रस्ता खोदावा लागला नाही. आधी कॅमेरा फिरवून फटी शोधायच्या. रात्री दोन ते चार घरोघरचे नळ बंद असताना गटारात जे नितळ पाणी वाहते, ते बहुतेक जमिनीतले. ते मोजले की गळती किती ते कळते. शुद्धीकरण केंद्रे वाढवा, आमची हरकत नाही. पण तिथे भूजल पंप करण्याचे वीजबिल कशासाठी?

यंत्र आले की पोट जाते, ही भीती मला ठाऊक आहे; वाफेची इंजिने गेली तेव्हा आम्ही ती पाहिली. म्हणून मागणी स्पष्ट हवी : आज कामटी धरणाऱ्यालाच कॅमेरा शिकवा आणि त्याला कायम करा. काम ठेकेदाराकडे गेले तर माणूस पुन्हा आतच उतरेल.

रेल्वे वसाहतींतले नळ आपल्याच इंजिनिअरिंग खात्याकडे आहेत. शाखांनी तुंबणाऱ्या मॅनहोलची यादी क्वार्टर नंबरसह करून पुढच्या पीएनएम बैठकीच्या विषयपत्रिकेत घालावी. डाक बंधूंनीही आपल्या वसाहतींची यादी खात्याकडे द्यावी. झाकण स्वतः उघडू नये, आत विषारी वायू असतो.